वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाची उद्दिष्टे ठरवताना

सार्वजनिक विद्यापीठांनी अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य यांसाठी मोजता येतील अशी उद्दिष्टे कशी ठरवावीत, या विषयावर या स्तंभासाठी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यांपैकी सात प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः काही वर्षे एका विद्यापीठाच्या नियोजन विभागात काम केले असल्यामुळे माझे काही पूर्वग्रह या उत्तरांत डोकावतील, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रश्न : मी एका सार्वजनिक विद्यापीठाच्या नियोजन समितीचा सदस्य आहे. पाच वर्षांच्या उद्दिष्टांसाठी विभागांकडून सूचना मागवल्या, तेव्हा एकूण चौसष्ट निर्देशक जमा झाले. त्यांतले कोणते ठेवावेत आणि कोणते गाळावेत?

चौसष्टांपैकी एकही घाईने गाळू नका, मात्र सगळे एकाच यादीतही ठेवू नका. विद्यापीठाला आपली प्रकृती कळावी म्हणून दरवर्षी नोंदवायचे आकडे वेगळे, आणि ज्यांच्यापुढे ‘अमुक वर्षापर्यंत अमुक इतके’ असे लिहून ज्यांचा पुढे जाब विचारला जाणार आहे, ते आकडे वेगळे. पहिल्या यादीत चौसष्ट निर्देशक असले तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या यादीत माझ्या मते आठ-दहांहून अधिक असू नयेत, कारण त्यापलीकडे गेले की कशाला महत्त्व द्यायचे हे प्रत्येक विभागप्रमुख आपापल्या सोयीने ठरवू लागतो आणि जे सर्वांत सोपे असते ते आधी उरकून टाकतो.

हा भेद करण्यामागचे कारण जुने आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना असे निरीक्षण मांडले होते की, आकड्यांत दिसणारी एखादी नियमितता नियंत्रणासाठी वापरायला घेतली की ती ढासळू लागते. मानववंशशास्त्रज्ञ मेरिलिन स्ट्रॅथर्न यांनी १९९७ मध्ये त्याच निरीक्षणाला अधिक व्यापक रूप दिले : मोजमापालाच लक्ष्य केले की ते चांगले मोजमाप राहत नाही. हे वाक्य आज सर्वत्र उद्धृत होते, परंतु स्ट्रॅथर्न यांचा तो लेख ब्रिटिश विद्यापीठांच्या मूल्यमापनाविषयीच होता, याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही.

म्हणून दुसऱ्या यादीसाठी निर्देशक निवडताना समितीने प्रत्येकाबाबत एक खडूस प्रश्न विचारावा : प्रत्यक्षात काहीही न सुधारता हा आकडा वाढवायचा झाला, तर आपण स्वतः काय केले असते? उत्तर पाच मिनिटांत सुचले, तर तो निर्देशक एकटा लक्ष्य म्हणून ठेवण्याच्या लायकीचा नाही. त्याला पहिल्या यादीत परत पाठवावे, किंवा त्याची लबाडी उघडी पाडील असा दुसरा निर्देशक त्याच्या जोडीला द्यावा. ‘दरवर्षी शंभर कार्यशाळा’ हे उद्दिष्ट या कसोटीवर लगेच पडते. ‘पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण’ हे बऱ्यापैकी टिकते, कारण तो आकडा फुगवायला विद्यार्थ्याला खरोखर वर्गात टिकवावे लागते. अर्थात, पहिल्या वर्षाची परीक्षा सैल केली नाही तर. तेव्हा जोडीची गरज तेथेही आहेच.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. विभागांकडून सूचना मागवल्या की प्रत्येक विभाग बहुधा तेच सुचवतो, जे तो आधीपासून चांगले करत असतो. त्यात लबाडी नसते, तो मनुष्यस्वभाव आहे. परंतु त्यामुळे चौसष्ट निर्देशकांची ती यादी विद्यापीठाच्या गरजांची यादी नसते, हे लक्षात ठेवून समितीने दोन-तीन उद्दिष्टे स्वतःहून, कोणीही न सुचवलेली, घालणे आवश्यक असते.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाने पदवी परीक्षेतील उत्तीर्णांचे प्रमाण ९० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरवले आहे. अध्यापनाचा दर्जा मोजण्याचा हा योग्य मार्ग आहे का?

नाही. आणि यात दोन निरनिराळ्या चुका आहेत, त्या वेगवेगळ्या समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली चूक छेदातली आहे. समजा, एका वर्षी २०० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी १५० जण शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचले आणि १३५ उत्तीर्ण झाले. परीक्षेला बसलेल्यांच्या हिशेबाने निकाल ९० टक्के लागला, म्हणजे आपले उद्दिष्ट साध्य झाले. प्रवेश घेतलेल्यांच्या हिशेबाने मात्र पदवी मिळवणारे साडेसदुसष्ट टक्केच आहेत, आणि वाटेत गळालेल्या पन्नास जणांचे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी कोणावरच राहिलेली नाही. उलट कमकुवत विद्यार्थी शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचलाच नाही, तर विद्यापीठाचा आकडा सुधारतो. म्हणून उद्दिष्ट नेहमी प्रवेश-तुकडीवर ठरवावे : अमुक वर्षी आत आलेल्यांपैकी किती जणांनी नियत मुदतीत आणि किती जणांनी तिच्या दीडपट मुदतीत पदवी पूर्ण केली.

अर्थात तुकडीच्या व्याख्येतही खाचखळगे असतात. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने महाविद्यालयांना पदवीपूर्तीचे प्रमाण जाहीर करणे बंधनकारक केले आणि त्यासाठी दीडपट मुदत, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षे, धरली. परंतु तुकडीत फक्त प्रथमच प्रवेश घेणारे पूर्णवेळ विद्यार्थी मोजले जात. अर्धवेळ शिकणारे त्यात नसत, आणि दुसऱ्या संस्थेत जाऊन पदवी मिळवणारा विद्यार्थी पहिल्या संस्थेच्या खाती अपयश म्हणूनच जमा होई. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी उघडलेल्या संस्थांचे चित्र त्यामुळे विनाकारण काळे दिसे. २०१५-१६ पासून अर्धवेळ व स्थलांतरित विद्यार्थ्यांचीही स्वतंत्र माहिती तेथे गोळा होऊ लागली. व्याख्या दुरुस्त व्हायला पाव शतक लागले, यावरून आपण आपली व्याख्या पहिल्याच वर्षी लिहून ठेवावी, एवढा बोध घेता येईल.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, ती म्हणजे उत्तीर्ण होणे आणि शिकणे यांना एकच मानणे. जो प्रश्नपत्रिका काढतो व उत्तरपत्रिका तपासतो, त्याच्याच कामगिरीचे माप त्या गुणांवरून घेतले, तर गुण वाढणारच. डेन्मार्कमध्ये १९९० च्या दशकापासून विद्यापीठांचे अध्यापन-अनुदान विद्यार्थ्यांनी उत्तीर्ण केलेल्या परीक्षांच्या प्रमाणात दिले जाऊ लागले. त्या व्यवस्थेला थोडाफार तोल मिळाला तो तेथे पूर्वापार चालत आलेल्या बाह्य परीक्षकांच्या पद्धतीमुळे. असा तोल जेथे नाही, तेथे निकालाचे उद्दिष्ट ठेवणे म्हणजे कुंपणालाच शेताची राखण आणि पिकाची मोजणी दोन्ही सोपवणे होय.

व्यवहारात मी असा उपाय सुचवीन की, पायाभूत अभ्यासक्रमाचे यश त्याच्या पुढच्या पायरीच्या अभ्यासक्रमात मोजावे. प्राथमिक संख्याशास्त्र उत्तीर्ण झालेले विद्यार्थी पुढच्या सत्रातील, दुसऱ्या शिक्षकाने शिकवलेल्या आणि तपासलेल्या विषयात कसे चालतात, हे पाहिले की पहिल्या विषयाच्या अध्यापनाबद्दल बरेच काही कळते. त्यासाठी नवी परीक्षा लागत नाही, असलेल्या नोंदी एकमेकींना जोडाव्या लागतात. परीक्षा विभागाला हे काम कंटाळवाणे वाटते, हे मला ठाऊक आहे.

प्रश्न : मग विद्यार्थ्यांनी शिक्षकांना दिलेल्या अभिप्रायांची सरासरी हे उद्दिष्ट ठेवावे का? ती तर शिक्षकाच्या हातात नसते.

ती शिक्षकाच्या हातात असते, हीच अडचण आहे. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतील नोंदींवरून २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तेथे विद्यार्थ्यांची तुकड्यांत वाटणी यादृच्छिक पद्धतीने होते आणि परीक्षा सर्वांना समान असते, त्यामुळे शिक्षकाचा परिणाम वेगळा काढता येतो. ज्या शिक्षकांच्या वर्गाला चालू विषयात चांगले गुण मिळत, त्यांना विद्यार्थी चांगला अभिप्राय देत. परंतु त्याच विद्यार्थ्यांची पुढच्या पायरीच्या विषयांतील कामगिरी तुलनेने उणी पडे. विषयाची बैठक पक्की करून घेणारे शिक्षक अभिप्रायात मागे पडत.

अभिप्राय जरूर घ्यावेत. शिक्षक वर्गावर वेळेवर येतो का, उत्तरपत्रिका टिपणांसह परत मिळतात का, शंका विचारता येते का, या गोष्टी विद्यार्थ्याइतक्या दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसतात. त्या पहिल्या यादीत ठेवाव्यात आणि सरासरीवर लक्ष्य बांधू नये.

प्रश्न : मी साहित्याच्या विभागाची प्रमुख आहे. नव्या योजनेत प्रत्येक शिक्षकाने वर्षाला दोन शोधनिबंध प्रसिद्ध करावेत, असे उद्दिष्ट सर्व विभागांना सारखे घातले आहे. आमचे सहकारी पाच-सहा वर्षे खपून एखादा ग्रंथ सिद्ध करतात. आम्ही काय करावे?

आपण लेखी हरकत घ्यावी, आणि ती घेताना केवळ ‘आमचा विषय वेगळा आहे’ असे म्हणू नये. ते सगळेच म्हणतात.

केवळ संख्येला महत्त्व दिले की काय होते, याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. १९९० च्या दशकात तेथे विद्यापीठांच्या अनुदानाचा काही भाग प्रकाशनांच्या संख्येवर ठरू लागला आणि त्या सूत्रात कोणत्या दर्जाच्या नियतकालिकात लेख आला, याला महत्त्व नव्हते. लिंडा बटलर यांच्या विश्लेषणाप्रमाणे त्यानंतर लेख वाढले, आणि सर्वांत मोठी वाढ कमी प्रभावाच्या नियतकालिकांत झाली. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, २०१७ मध्ये काही संशोधकांनी त्याच आकडेवारीचे वेगळे वाचन मांडून या निष्कर्षाला आव्हान दिले. वाद मिटलेला नसला, तरी ज्या सूत्रात दर्जाला जागाच नाही, त्या सूत्राने दर्जा वाढेल अशी अपेक्षा मात्र दोन्ही बाजूंना ठेवता येत नाही.

नॉर्वेने याच्या पुढे जाऊन प्रकाशनांचे दोन स्तर केले. साध्या स्तरावरील लेखाला १ गुण, वरच्या स्तरावरील लेखाला ३. ग्रंथाला मात्र अनुक्रमे ५ आणि ८. म्हणजे आपल्या सहकाऱ्यांच्या ग्रंथाचे वजन तेथे सूत्रातच मान्य केलेले होते. वरच्या स्तरात कोणती नियतकालिके घालायची, हे त्या त्या विषयातील अभ्यासकांच्या समित्या ठरवत. हे सूत्र संस्थांमध्ये निधी वाटण्यासाठी केलेले होते, एकेका शिक्षकाचे प्रगतिपुस्तक भरण्यासाठी नव्हे. तरीही ते व्यक्तींच्या मूल्यमापनापर्यंत झिरपले, आणि त्यावरून तेथे बरीच टीकाही झाली.

आपल्या हरकतीत ब्रिटनचे उदाहरण द्यावे, असे मला वाटते. तेथील २०१४ च्या संशोधन-मूल्यमापनात सामान्यतः प्रत्येक संशोधकाने चार प्रकाशने सादर करायची होती. २०२१ च्या फेरीत ती अट सैल करून पूर्ण विभागासाठी माणशी सरासरी अडीच, एका व्यक्तीमागे किमान एक आणि कमाल पाच, असे ठरले. ही बेरीज वर्षाची नाही, सात वर्षांच्या कालखंडाची आहे, हे ठळकपणे लिहावे. विभागाची सरासरी आणि व्यक्तीचे बंधन यांतला फरक येथे महत्त्वाचा ठरतो : ज्याचा ग्रंथ चालू आहे त्याला तो शांतपणे पुरा करता येतो आणि विभाग मात्र जबाबदारीतून सुटत नाही. आपल्याकडून पर्यायी उद्दिष्ट असे मांडता येईल की, विभाग पाच वर्षांत आपले निवडक काम, समजा माणशी दोन प्रकाशने, बाहेरच्या तज्ज्ञांपुढे वाचनासाठी ठेवील आणि त्यांचा लेखी अभिप्राय विद्या परिषदेपुढे मांडील. वाचून ठरवणे खर्चिक असते, परंतु संशोधनाबाबत मला तरी त्याला पर्याय दिसत नाही.

उद्धरणांची संख्या किंवा भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक (किती लेखांना किमान तितकीच उद्धरणे मिळाली, याचा आकडा) पुढे करून कोणी मधला मार्ग सुचवला, तर तोही सर्व विभागांना सारखा लावू देऊ नका. जैववैद्यकातील लेखाला वर्षभरात जेवढी उद्धरणे मिळतात, तेवढी साहित्य-इतिहासातील चांगल्या ग्रंथाला दहा वर्षांत मिळत नाहीत, आणि त्यातील पुष्कळशी आकडेवारीच्या कोशांत नोंदलीच जात नाहीत. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून, म्हणजे त्यातील लेखांना सरासरी मिळणाऱ्या उद्धरणांवरून, त्यातील एकेका लेखाची किंवा लेखकाची किंमत करू नये, ही संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सान फ्रान्सिस्को जाहीरनाम्याची मुख्य शिफारस आहे. तो २०१२ मध्ये तयार झाला, आणि आपल्या विद्यापीठाने त्यावर सही केली आहे का, हे एकदा तपासून पाहा. सही करून विसरलेल्या संस्था कमी नाहीत.

प्रश्न : विस्तारकार्याचे मोजमाप करताना आमच्याकडे कार्यक्रमांची संख्या आणि उपस्थितांची संख्या एवढेच येते. याहून अर्थपूर्ण काही मोजता येईल का?

येईल, पण त्याआधी विस्तारकार्य म्हणजे काय, हे विद्यापीठाने एका परिच्छेदात लिहून ठेवले पाहिजे, कारण या एका शब्दाखाली फार वेगवेगळी कामे चालतात. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून विद्यापीठे उभी राहिली, १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना कृषी-प्रयोगकेंद्रे जोडली गेली आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने ते ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेणारी विस्तारसेवा सुरू झाली. तेथे विस्ताराचा अर्थ स्पष्ट होता : प्रयोगकेंद्रात सिद्ध झालेली पद्धत शेतात पोहोचली की नाही. याउलट भारतातील एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत ‘आउटरीच आणि समावेशकता’ या घटकाला १० टक्के भारांश आहे, परंतु त्याखाली मोजले जाते ते अन्य राज्यांतील व देशांतील विद्यार्थी, महिला, आर्थिक-सामाजिकदृष्ट्या वंचित विद्यार्थी यांचे प्रमाण आणि दिव्यांगांसाठीच्या सोयी. ही मोजण्याजोगीच गोष्ट आहे, मात्र तिचा संबंध विद्यापीठात कोण येते याच्याशी आहे. विद्यापीठ बाहेर जाऊन काय करते, हे तिच्यातून कळत नाही. या दोहोंची गल्लत झाली की, प्रवेशाचे आकडे दाखवून विस्तारकार्याचा रकाना भरला जातो.

बाहेर केलेल्या कामासाठी मी तीन गोष्टी पाहीन. एक, ज्यांच्यासाठी काम केले त्यांनी पुढच्या वर्षी विद्यापीठाला पुन्हा बोलावले का; एकदाच्या टाळ्यांपेक्षा दुसऱ्यांदा आलेले बोलावणे जास्त बोलके असते. दोन, कामाचा विषय कोणी ठरवला, विद्यापीठाने की समोरच्या संस्थेने. तीन, विद्यापीठ बाजूला झाल्यावर ते काम चालू राहिले का. यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीला आकडा लावता येतो, दुसरीला वर्णन लागते, आणि वर्णन मागण्यात काही कमीपणा नाही. अमेरिकेत उच्चशिक्षण संस्थांचे प्रकार पाडणाऱ्या कार्नेगी वर्गीकरणाने २००६ पासून समाजसहभागासाठी जी ऐच्छिक श्रेणी सुरू केली, तीत संस्थेकडून पुराव्यानिशी निवेदन मागवले जाते आणि संस्थांना क्रमांक दिले जात नाहीत.

मुदतीबाबत सावध राहावे. ब्रिटनच्या २०१४ च्या मूल्यमापनात समाजावरील परिणामाला २० टक्के भारांश होता, पुढच्या फेरीत तो २५ टक्के झाला. २०१४ मध्ये परिणाम २००८ ते २०१३ या काळातला दाखवायचा होता, पण त्यामागचे संशोधन १९९३ पर्यंत मागचे असले तरी चालत होते. संशोधन बाहेर जाऊन रुजायला इतका अवधी लागू शकतो, हे नियमातच गृहीत धरलेले होते. आपली योजना पाच वर्षांची आहे. तेव्हा या पाच वर्षांत दिसणारा परिणाम बराचसा मागच्या कुलगुरूंच्या काळातील पेरणीचा असेल, हे मान्य करूनच लक्ष्य लिहावे.

प्रश्न : जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत येणे, हे एकच उद्दिष्ट ठेवले तर बाकी सगळे आपोआप होणार नाही का?

होणार नाही. क्रमांक इतरांच्या कामगिरीवर आणि क्रमवारी काढणाऱ्यांच्या सूत्रावर अवलंबून असतो. यांपैकी काहीच आपल्या हातात नसते. क्यूएस या संस्थेच्या जागतिक क्रमवारीत शैक्षणिक प्रतिष्ठेच्या सर्वेक्षणाला दीर्घकाळ ४० टक्के भारांश होता, २०२४ च्या आवृत्तीत तो ३० टक्के झाला. विद्यापीठात एक खुर्चीही न हलता क्रमांक बदलू शकतो, तर त्यासाठी कोणाचे अभिनंदन करायचे आणि कोणाला जाब विचारायचा?

प्रश्न : उद्दिष्ट गाठले नाही, तर विभागाचा निधी कापावा का? आमचा विभाग लहान आहे, दरवर्षी बाराच विद्यार्थी असतात, त्यामुळे आम्हांला धास्ती वाटते.

निधी जोडण्याचा प्रयोग नवा नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९७९ मध्ये कामगिरीवर आधारित निधीची सुरुवात केली आणि २०१० च्या कायद्याने राज्याच्या अनुदानाचे जवळजवळ पूर्ण सूत्रच फलितांवर बांधले. अल्प उत्पन्न गटातील आणि वयाने मोठ्या विद्यार्थ्यांच्या यशाला त्या सूत्रात जास्त वजन दिले, हे त्यातले शहाणपण. नाहीतर संस्थांनी असे विद्यार्थी घेणेच टाळले असते. तरीही अशा योजनांवरील अभ्यासांत पदव्यांच्या संख्येत ठळक वाढ क्वचितच दिसली. काही ठिकाणी अल्पमुदतीची प्रमाणपत्रे मात्र वाढली, कारण ती लवकर मोजणीत येतात. यावरून माझे मत असे झाले आहे की, पहिल्या फेरीत निधीला हात लावू नये. उद्दिष्ट हुकले तर विभागाने कारण लेखी द्यावे आणि ते कारण व्यवस्थापन परिषदेने वाचून त्यावर उत्तर द्यावे. बहुतेक ठिकाणी यातला दुसरा भाग होत नाही.

आपल्या विभागापुरती आपली धास्ती रास्त आहे. बारा विद्यार्थ्यांत एका विद्यार्थ्याने आजारपणामुळे परीक्षा पुढे ढकलली, तरी प्रमाण आठ टक्क्यांहून अधिक घसरते. म्हणून आपण दोन गोष्टी आताच मागून घ्याव्यात. आधाररेषा, म्हणजे ज्या आकड्याशी पुढची तुलना करायची तो आकडा, गेल्या एका वर्षाची न घेता मागच्या तीन किंवा पाच वर्षांच्या एकत्रित तुकडीची घ्यावी, आणि उद्दिष्टाची तुलनाही तशाच एकत्रित तुकडीशी करावी. शिवाय वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या विभागांसाठी टक्केवारी न छापता सरळ संख्या छापाव्यात : बारांपैकी नऊ, बारांपैकी दहा. ही मागणी आधारवर्ष निश्चित होण्यापूर्वी, म्हणजे योजना परिषदेपुढे जाण्याच्या आधीच्या बैठकीत करावी. त्यानंतर ती सबब म्हणून ऐकली जाते.